‘लागलेलं नाही’: रात्रपाळीतलं एक पडणं आणि पुढचे दोन तास

पार्श्वभूमी

ज्येष्ठांच्या एका निवासी शुश्रूषा केंद्रातली ही घटना. निवासी ३४. रात्रपाळीला एक परिचारिका आणि दोन मावशी, डॉक्टर फोनवर. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय रुग्णवाहिकेनं अर्ध्या-पाऊण तासावर. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

ज्या पडल्या त्या आजी ८१ वर्षांच्या. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारी ॲपिक्सॅबान ५ मिलिग्रॅम, सकाळी आठ आणि रात्री आठ अशी दोनदा. स्मृतिभ्रंश सौम्य: तारीख-वार चुकायचे, पण आपली खोली, आपली माणसं आणि रात्रपाळीच्या मावशींचं नाव पक्कं ठाऊक. आठच दिवसांपूर्वी रक्तदाबाची आणखी एक गोळी रात्रीसाठी सुरू झाली होती. औषधांच्या तक्त्यावर तळाशी ‘अस्वस्थ असल्यास लोराझेपाम ०.५ मिलिग्रॅम, गरजेनुसार’ अशी जुनी सूचना होती. ही शांत करणारी, झोप आणणारी गोळी कोणी आणि कशासाठी लिहिली होती, हे पाळीतल्या कुणालाच सांगता आलं नाही.

घटना

१:४०च्या फेरीत आजी न्हाणीघराच्या दाराशी जमिनीवर बसलेल्या दिसल्या, पाठ भिंतीला टेकलेली. पडताना कुणी पाहिलं नव्हतं. आधीची फेरी १२:३०ची, म्हणजे जास्तीत जास्त सत्तर मिनिटं. कपडे कोरडे आणि हातपाय उबदार होते, त्यावरून फार वेळ झालेला नसावा असा अंदाज बांधला गेला. ‘शेवटचं नीट कधी पाहिलं’ ही वेळ मात्र अंदाजावर न सोडता लिहून ठेवावी लागते. वयस्क माणूस तासाभराहून जास्त जमिनीवर पडून राहिला तर दाबाखालचे स्नायू खराब होणं, अंग गार पडणं, कातडीवर व्रण येणं हे धोके पडण्याच्या माराखेरीज वेगळे मोजायचे असतात.

मावशींनी आजींना उचललं नाही. बेल दाबली, समोर बसून ‘हलू नका, सिस्टर येताहेत’ म्हणत धीर दिला, पाठीशी उशी लावली. काखेत हात घालून उभं करण्याची सवय मोडायला या केंद्रात बरेच महिने लागले होते. अशा उचलण्यानं खांदा निखळतो, खुब्याचं न कळलेलं फ्रॅक्चर सरकतं आणि उचलणाऱ्याची कंबर जाते.

परिचारिका दोन मिनिटांत पोचल्या. आजी हाकेला लगेच ओ देत होत्या. श्वास मिनिटाला १६, ऑक्सिजन ९६, नाडी ८४ आणि नेहमीसारखी अनियमित, रक्तदाब १०८/६४, रक्तातली साखर ११८, अंगात ताप नाही. मानेच्या मणक्यांवर दाबून पाहिलं, दुखत नव्हतं. हातापायांची बोटं हलवून घेतली. दोन्ही पाय सरळ ठेवून लांबी पाहिली. एक पाय आखूड आणि पाऊल बाहेर वळलेलं दिसलं तर खुब्याचं हाड मोडलं असं धरून चालायचं असतं. तसं नव्हतं. मग विचारलं, “आजी, डोकं आपटलं का कुठे?” आजी म्हणाल्या, “नाही गं, बसले नुसती.”

उठवणंही नियमानं झालं. आधी कुशीवर, मग हातागुडघ्यांवर, समोरच्या खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात, एक पाऊल पुढे, आणि मागून दुसरी खुर्ची. जोर आजींचा, मावशींचा हात फक्त आधाराला. दोन वाजता त्या पलंगावर होत्या.

नोंदवहीत लिहिलं गेलं: ‘पडल्या. लागलेले नाही. बीपी, शुगर, ऑक्सिजन ठीक. आराम करत आहेत. डॉक्टरांना सकाळी सांगणे.’

अडचण कुठे होती

वरची तपासणी बहुतेक ठिकाणच्या रात्रपाळीपेक्षा चांगली होती. तरीही तिच्यात तीन भोकं राहिली, आणि तिन्ही ‘लागलेले नाही’ या एका वाक्याखाली झाकली गेली.

पहिलं, डोक्याला लागलं का हे विचारलं गेलं, पाहिलं गेलं नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला पडणंच नीट आठवत नसतं, तर आपटणं कुठून आठवणार? स्मृती शाबूत असलेल्या माणसालाही मार लागल्यावर मधली काही क्षणं आठवत नाहीत. आजींचे केस मागे घट्ट बांधलेले होते. ते सोडून बोटं फिरवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दुसरं, १०८/६४ हा आकडा ‘ठीक’ ठरला. तक्त्यातला आकडा म्हणून तो ठीकच आहे, पण आजींचा नेहमीचा वरचा आकडा १४०च्या आसपास असायचा. माणसाच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापासून तो तीसेकनं घसरलेला होता आणि त्या का पडल्या याचं उत्तर तिथेच होतं.

तिसरं, रक्त पातळ करणारं औषध. रात्री आठची गोळी घेऊन पावणेसहा तास झाले होते. ॲपिक्सॅबानचं रक्तातलं प्रमाण घेतल्यावर तीन-चार तासांनी सर्वाधिक असतं आणि ते निम्म्यावर यायला साधारण बारा तास लागतात. म्हणजे पडण्याच्या क्षणी औषध भरात होतं. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात आणि हलक्या धक्क्यानंही फाटतात. आत मोकळी जागा असल्यामुळे रक्त साचत गेलं तरी सुरुवातीला दाब वाढत नाही आणि माणूस व्यवस्थित बोलतो. पहिली तपासणी चांगली येणं हे या वयात, या औषधावर, फारसं काही सांगत नाही.

‘लागलेले नाही’ असं लिहिल्यावर पुढच्या फेऱ्यांचा अर्थच बदलला. २:१० आणि ३:००ला मावशी दारातून पाहून गेल्या आणि दोन्ही वेळा ‘झोपल्या आहेत’ अशी खूण केली. उठवलं नाही, का उठवावं, लागलेलंच नव्हतं ना. झोप आणि ग्लानी दारातून सारखीच दिसते.

निर्णयाचा क्षण: ३:२०

३:२०ला बेल वाजली. आजी चादर ओढत होत्या, पलंगावरून पाय खाली टाकू पाहत होत्या, पुटपुटत होत्या. मावशी म्हणाल्या, “सिस्टर, आजींना झोपेची गोळी देऊ या का, लिहिलेलीच आहे.” मागणी गैर नव्हती. जोडीच्या मावशी दुसऱ्या मजल्यावर होत्या आणि आजी पुन्हा पडण्याची भीती खरी होती.

परिचारिकांनी गोळी द्यायचं जवळपास ठरवलं होतं. मात्रा पाहायला औषधांचा तक्ता उघडला तेव्हा लोराझेपामच्या ओळीच्या वर, त्याच पानावर, रात्री आठच्या ॲपिक्सॅबानसमोर स्वतःचीच सही दिसली. तक्ता मिटून त्या खोलीत गेल्या. हा योगायोग होता, पद्धत नव्हती, आणि पुढच्या आढावा बैठकीत सगळ्यात जास्त वेळ याच मुद्द्यावर गेला.

यावेळची तपासणी डोक्यापासून सुरू झाली. केस सोडल्यावर उजव्या कानाच्या मागे टेंगूळ लागलं. डोळे आपणहून उघडे राहत नव्हते, हाक मारली की उघडत. नाव बरोबर सांगितलं. ‘आपण कुठे आहोत’ला माहेरच्या घराचं नाव. मावशींना ओळखलं नाही. दोन्ही हातांनी बोटं दाबायला सांगितल्यावर डाव्या हाताची पकड स्पष्ट कमी. ग्लासगो मापनात (शुद्ध किती आहे याचं मोजमाप, पूर्ण शुद्धीला १५) डोळे ३, बोलणं ४, हालचाल ६, एकूण १३. रक्तदाब १६८/८२, नाडी ५८. उजवी बाहुली प्रकाशाला हळू आकसत होती, पण त्या डोळ्याची मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती आणि बाहुली आधीपासून तशी होती का, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे त्या एका खुणेवर विसंबता येईना. साखर पुन्हा पाहिली: १२४. हे सोडू नये. साखर उतरली तरी माणूस असाच बरळतो, एका बाजूनं लुळाही पडू शकतो, आणि तो प्रकार साखर दिली की काही मिनिटांत दुरुस्त होतो.

आकडे सुटे घेतले तर यातला एकही घाबरवणारा नाही. १०८चे १६८ आणि ८४चे ५८ हे शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र कवटीतला दाब वाढत असल्याची शंका घ्यावीच लागते. रक्तदाब चढतो आणि नाडी मंदावते, ही त्याची जुनी खूण आहे.

समोरचे पर्याय

झोपेची गोळी देऊन लक्ष ठेवणं हा पर्याय बाद झाला. शुद्ध उतरतेय ती औषधानं की रक्तस्रावानं, हे नंतर कुणालाच कळलं नसतं. श्वासही मंदावला असता.

आधी डॉक्टरांना फोन, मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे, ही केंद्राची लिखित पद्धत होती. पहाटे साडेतीनला फोन उचलला जायला, सगळं सांगायला आणि निर्णय व्हायला दहा-पंधरा मिनिटं जातात. परिचारिकांनी क्रम उलटा केला: रुग्णवाहिका आधी, डॉक्टर नंतर. लिखित पद्धत मोडली गेली आणि ते बरोबर होतं.

केंद्राची गाडी वापरायचाही विचार झाला. गाडी दारात होती आणि दहा मिनिटं वाचली असती. पण वाटेत उलटी झाली किंवा श्वास अडखळला तर गाडीत ना सक्शन (तोंडा-घशातली उलटी ओढून काढणारं यंत्र), ना आडवं ठेवायची जागा, ना दुसरा प्रशिक्षित हात. शिवाय चालवणार कोण, हा प्रश्न उरतच होता.

काय केलं

३:२८ला रुग्णवाहिकेला फोन. बोलणं ठरलेल्या चार टप्प्यांत झालं, काय घडतंय, पार्श्वभूमी, मला काय वाटतंय, काय हवंय: “८१ वर्षांच्या बाई, पावणेदोनला पडलेल्या सापडल्या, आता शुद्ध कमी होतेय. रक्त पातळ करणारी ॲपिक्सॅबान चालू आहे, शेवटची गोळी रात्री आठला. उजव्या कानामागे टेंगूळ, डाव्या हाताची पकड कमी, ग्लासगो १३, बीपी १६८/८२, नाडी ५८. डोक्यात रक्तस्राव असावा असं वाटतं. सीटी असलेल्या रुग्णालयात लगेच न्यायचं आहे.” पाऊण मिनिट. आजार, वय, पत्ता अशा क्रमानं पाल्हाळ लावलं की ‘शुद्ध कमी होतेय’ हे शेवटी येतं आणि तोवर समोरच्यानं हे साधं पडणं आहे असं ठरवलेलं असतं.

३:३१ला डॉक्टरांना कळवलं, त्यांनी दुजोरा दिला. सकाळी आठची ॲपिक्सॅबान थांबवली. तोंडावाटे पाणीसुद्धा नाही. मान दुखत नसल्यामुळे पलंगाचं डोकं साधारण तीस अंश वर, मान सरळ. मान एका बाजूला कलली की डोक्यातून रक्त परतणं अडतं. सक्शन यंत्र चालू करून पाहिलं. त्याची नळी दुसऱ्या मजल्यावर निघाली, ती आणायला चार मिनिटं गेली. ऑक्सिजन ९५ असल्यामुळे लावला नाही. दर दहा मिनिटांनी ग्लासगो, बाहुल्या, नाडी, रक्तदाब.

मावशींनी सोबत जायचं का? गेल्या असत्या तर ३३ माणसांना एक मावशी आणि एक परिचारिका उरली असती, त्यात दोन निवासी ऑक्सिजनवर. ठरलं ते असं: सोबत माणूस नाही, कागद जाईल. औषधांचा तक्ता, शेवटच्या गोळीची वेळ, आजारांची यादी, दोन्ही वेळच्या मोजमापांची प्रत, ऐकण्याचं यंत्र आणि चष्मा. मुलाला ३:४०ला फोन करून थेट रुग्णालयात यायला सांगितलं. ऐकण्याचं यंत्र विसरलं असतं तर रुग्णालयात पहिल्याच तपासणीत ‘हाकेला प्रतिसाद नाही’ अशी चुकीची नोंद झाली असती, इतकं ते महत्त्वाचं.

रुग्णवाहिका ३:५२ला आली, ४:०५ला निघाली.

एक गोष्ट पाचच्या सुमाराची. नोंदवहीतल्या दोनच्या नोंदीखाली ओळभर जागा रिकामी होती. तिथे ‘डोके तपासले’ असं घालून टाकावं, असा सल्ला एकानं फोनवरून दिला. परिचारिकांनी जुनी नोंद तशीच ठेवली आणि पुढच्या पानावर ‘उशिरा केलेली नोंद, वेळ ५:१०’ अशा मथळ्याखाली जे घडलं ते लिहिलं. पुढे आढावा घेता आला तो याच पानामुळे.

परिणाम

सीटीत उजव्या बाजूला मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव निघाला, जाडी ९ मिलिमीटर, मेंदूची मधली रेषा ४ मिलिमीटर सरकलेली. शस्त्रक्रियेचा विचार सर्वसाधारणपणे १० मिलिमीटरहून जास्त जाडी किंवा ५ मिलिमीटरहून जास्त सरकणं, या मर्यादेवर होतो. आजी तिच्या अलीकडे होत्या. रक्त गोठवणारे घटक शिरेतून देऊन ॲपिक्सॅबानचा परिणाम उतरवला, अतिदक्षता विभागात ठेवलं. सहा तासांनंतरच्या सीटीत रक्तस्राव वाढलेला नव्हता, त्यामुळे शस्त्रक्रिया टळली. सोळाव्या दिवशी आजी वॉकर घेऊन परतल्या. डाव्या हातात थोडी कमजोरी राहिली.

परतल्यावर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाब मोजला: १४२ वरून ११२. उभं राहिल्यावर वरचा आकडा २०नं किंवा खालचा १०नं उतरला तरी ते लक्षणीय मानलं जातं. रात्रीची नवी गोळी डॉक्टरांनी बंद केली. रात्री लघवीला उठायचं, नेमका तेव्हाच रक्तदाब घसरायचा.

वेगळं काय करता आलं असतं

दोन वाजताच डॉक्टरांना फोन करायला हवा होता, याबद्दल आढाव्यात दुमत नव्हतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या डोक्याच्या दुखापतीवरच्या २०२३च्या मार्गदर्शिकेत, रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर दुसरं काही लक्षण नसलं तरी ८ तासांच्या आत सीटीचा विचार करावा असं म्हटलं आहे. पडताना कुणी पाहिलं नाही आणि सांगणाऱ्याची स्मृती भरवशाची नाही, तेव्हा मार लागलाच आहे असं धरणं सुरक्षित.

फोन झाला नसता तरी उठवून तपासणी व्हायला हवी होती. रुग्णालयांत चालणारा क्रम असा: ग्लासगो १५ असलं तर पहिले दोन तास दर अर्ध्या तासानं, मग चार तास दर तासानं, पुढे दर दोन तासांनी. त्या हिशेबानं २:३०, ३:०० या वेळांना आजींना जागं करून प्रश्न विचारले गेले असते. बदल तेव्हा सापडलाच असता असं छातीठोक म्हणता येत नाही, ३:००ला कदाचित.

प्रत्येक पडलेल्याला सरसकट रुग्णालयात पाठवावं, असाही प्रस्ताव आला. तो फेटाळला आणि ते योग्य वाटतं. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला मध्यरात्री अनोळखी जागी हलवण्यानंही इजा होते. शिवाय प्रत्येक पडण्याला रुग्णवाहिका बोलवावी लागली तर पडणं नोंदवलंच जात नाही, हा अनुभव अशा सगळ्या जागांचा आहे. परिचारिकांना लेखी खुलासा मागण्याची पहिली कल्पनाही याच कारणानं मागे पडली.

बदललं ते नोंदवहीचं पान. ‘लागले आहे का: हो / नाही’ हा रकाना काढला. त्याच्या जागी चार प्रश्न आले: पडताना पाहिलं कुणी? रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, शेवटची मात्रा कधी? केस सोडून डोकं हातानं तपासलं का? नेहमीपेक्षा वेगळं काय? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो’ असेल तर लगेच फोन, वेळ कोणतीही असो. पडल्यापासून २४ तास झोपेची किंवा शांत करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. त्यासाठी औषधांच्या तक्त्यावर लाल चिठ्ठी चिकटवली जाते, म्हणजे गोळी शोधणाऱ्याचा हात आपोआप तिच्यावर पडतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नाही. शुद्ध हरपत असेल तर रुग्णवाहिका आधी, हे लिखित पद्धतीत घातलं. सक्शनची नळी यंत्राला बांधून ठेवली आहे.

चौथ्या प्रश्नानं मात्र सगळ्यांना घाम फोडला. ‘नेहमीपेक्षा वेगळं’ लिहायला ‘नेहमीचं’ कुठेतरी लिहिलेलं हवं. म्हणून प्रत्येक निवाशाचं एक कार्ड पलंगाच्या पायथ्याशी आलं: हाकेला कसा प्रतिसाद देतात, कुणाला ओळखतात, बोलणं किती स्पष्ट, दोन्ही हातांची पकड, दोन्ही बाहुल्या आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रिया, नेहमीचा रक्तदाब. दिवसपाळी आणि रात्रपाळी दोघांनी मिळून भरायचं, कारण संध्याकाळनंतर गोंधळणारी माणसं सकाळच्या कार्डावर हुशार दिसतात. ३४ कार्डं भरायला तीन आठवडे लागले. सात जणांच्या बाहुल्या असमान निघाल्या आणि त्यातल्या पाचांची कुठेही नोंद नव्हती.

आजींचं कार्ड त्या रुग्णालयात असताना मावशींनी आठवणीतून भरलं होतं. त्या परतल्या त्याच दुपारी ते खोडून नवं लिहिलं: डाव्या हाताची पकड उजवीपेक्षा कमी, उजवी बाहुली मंद, मावशींना नावानं हाक मारतात.